वॉर्मअप सर

सोलापुरात अंग गरम करायला व्यायाम लागत नाही. एप्रिलमध्ये सकाळी नवाला दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहिलं की काम भागतं. मे महिन्यात नुसतं दार उघडलं तरी पुरतं. पारा 45 अंशांशी सलगी करणाऱ्या या गावात एका माणसानं उभा जन्म ‘आधी अंग गरम करा’ असं बजावण्यात घालवावा, याचं शाळेत असताना आम्हाला हसू यायचं. आता आमचे गुडघे बोलायला लागलेत, त्यामुळे हसू जरा कमी झालंय.

गाव त्यांना वॉर्मअप सर म्हणतं. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देताना अध्यक्षांच्या तोंडून ‘आपले वॉर्मअप सर’ असं निघून गेलं, सरांनी शांतपणे मान डोलावली, आणि खऱ्या नावाचा प्रश्न तिथंच मिटला.

उंची बेताची, पोट नाही, गळ्यात शिट्टी. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, तेही दर रविवारी खडू फासून पांढरे केलेले. अंगात निळा ट्रॅकसूट आणि त्याच्या पाठीवर ‘पंच’ अशी दोन अक्षरं. कुठल्याशा आंतरशालेय स्पर्धेत हा ट्रॅकसूट त्यांना मिळाला होता. अक्षरं धुऊन धुऊन पार विटली, पण ती पाठीवर असल्यामुळे सरांना ते कधी कळलं नाही. ते अजून पंच आहेत.

पहाटे साडेपाचला सर पार्कवर हजर. कागदोपत्री ते इंदिरा गांधी स्टेडियम, पण सोलापूरकराच्या तोंडी पार्कच. तिथं त्या वेळी सगळ्या वयाचं आणि सगळ्या वजनाचं सोलापूर लोटलेलं असतं. शुगरवाले चालत असतात, बीपीवाले त्यांच्यापेक्षा हळू चालत असतात, हास्यक्लबवाले घड्याळ लावून हसत असतात, आणि पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरच्या तयारीला लागलेली असतात. सरांचा डोळा या पोरांवर. एखादं पोरगं बुटाची नाडी आवळून पळायच्या बेतात आलं की कानाशी शिट्टी वाजलीच.

“कुठं चाललास बे?”

“पळायला, सर.”

“नाडी बांधलीस. गुडघ्याला विचारलंस का?”

पोरगं बावरतं. मग सर त्याच्याकडून घोटे फिरवून घेतात, गुडघे उचलून घेतात, पाय पुढे-मागे झुलवून घेतात, अर्ध्या बैठका मारून घेतात. एवढं होईतो पोराचे सोबती दोन फेऱ्या मारून आलेले असतात. “बघ,” सर म्हणतात, “ती आत्ताच दमली. तू अजून ताजा आहेस.”

सरांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं. व्यायाम कोणीही करतो, व्यायामाची तयारी करायला अक्कल लागते. या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांवर सोपवला. सरांना पळताना पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पळायच्या आधीचे सर मात्र सगळ्यांनी पाहिलेत. बॅडमिंटनची रॅकेट हातात घेऊन मनगटं मोकळी करताना पाहिलेत, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, जिथं कोणी पोहत नाही तिथं, पोहण्याआधीचे खांदे फिरवताना पाहिलेत. खेळ सुरू झाला की सर बाजूला होतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात.

ही सवय मैदानापुरती असती तर गोष्ट वेगळी. सरांची बजाज चेतक होती तेव्हा ते आधी ती डावीकडे कलती करायचे, मग हवेतच दोन किका, मग एक खरी. आता बटणावर सुरू होणारी गाडी आहे, तरी गेटाशी ती पाच मिनिटं धडधडत उभी असते आणि सर शेजारी हात बांधून उभे. “इंजिनाला पण सांधे असतात.” नळाला पाणी यायचं असेल, आणि आमच्याकडे पाणी यायचा दिवस पंचांगात बघावा लागतो, तेव्हा सर तासभर आधी उठून नळ उघड-बंद करून ठेवतात. लग्नाला जातात ते मांडव उभा राहायच्या वेळी. जेवायला बसले तर ताटाभोवती पाणी फिरवून, चटणी चाखून, भाकरीचा पापुद्रा सोडवून, मीठ हलवून, घसा साफ करून होतो तोवर काकू ताक घेऊन आलेल्या असतात.

खरं तर सर एकटे नाहीत, त्यांचा गोतावळा महाराष्ट्रभर आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात कुठल्याही कार्यक्रमाला जा. ‘मी तुमचा फार वेळ घेणार नाही’ म्हणून माइक धरणारा प्रास्ताविकवाला तोच. तो पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देण्यामागची भूमिका आणि ती भूमिका का मांडावी लागली याची पार्श्वभूमी सांगतो. पाहुणे बोलायला उठतात तेव्हा मागच्या रांगा चपला शोधत असतात. तबल्यावर हातोडी चालवत राहणारा आणि ‘अजून चढलेला नाही’ म्हणून गायकाला तिष्ठत ठेवणारा तोच. दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हणून टेबल आवरणारा, पेनात शाई भरणारा आणि चहाचं आधण ठेवणाराही तोच. त्याच्याविषयी मी अधिक लिहीत नाही. या सगळ्यांची खात्री असते की मुख्य गोष्ट ही एक औपचारिकता आहे, उरकली काय नि राहिली काय.

सरांना पुरावा मागितला की ते गड्ड्याकडे बोट दाखवतात. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले लोक त्या उंच काठ्या तोलत शहरभर नेतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, अख्खं सोलापूर तिथं लोटतं. “अक्षता बघायला सगळे येतात,” सर म्हणतात. “पण त्याआधी कितीतरी दिवस रात्री काठ्या उचलायचा सराव चालतो, तो बघायला कोण जातं? मी जातो. काठी कोणी एकदम उचलत नाही बाबा. कंबर आधी तयार लागते.” यावर कुणाला बोलता येत नाही. सिद्धरामेश्वरांनाच साक्षीला काढल्यावर सोलापुरात वाद संपतो.

शिवाय सर अडाणी नाहीत, हीच अडचण आहे. आमच्या वेळी पी. टी. म्हणजे ‘एक’ म्हटलं की खाली वाकायचं आणि बोटं अंगठ्याला टेकवून ‘दोन’ची वाट बघायची. ‘दोन’ बऱ्याच वेळानं यायचं, कारण सर मधल्या वेळात कुणाला तरी छडी मारायला गेलेले असायचे. पुढे कधीतरी एका प्रशिक्षण शिबिरात त्यांना कळलं की खेळायच्या आधी स्नायू असे बराच वेळ ताणून धरले तर त्यांचा जोर थोडा उणावतो. आधी हलतं-झुलतं काहीतरी करावं, आणि ताणून धरायचे प्रकार शेवटी, खेळ झाल्यावर, कूल डाउन म्हणून करावेत. दुसरा कोणी असता तर गप्प राहिला असता. सर जुने विद्यार्थी शोधत फिरले. एका लग्नात स्टेजवर नवरदेवाच्या बापाला, तो आता बँकेत मॅनेजर, आहेराचं पाकीट देता देता म्हणाले, “तुला नववीत मी वाकवून ठेवायचो ना? ते चुकीचं होतं. आता पाय झुलवत जा.” फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण टिपलाय. मॅनेजर एक पाय उचलून उभे आहेत आणि नवरी घाबरलेली आहे.

आता अशा सरांना स्कीइंगचं वेड कसं लागलं, त्याकडे येतो. सोलापूरचा आणि बर्फाचा संबंध रसवंतीपुरता. बर्फाच्या मुलखात जाऊन नाव काढलेला सोलापूरकर म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि 1942 च्या डिसेंबरात तिकडेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात शाळेच्या सहली जातात. पण डॉक्टर तिथं शस्त्रक्रिया करायला गेले होते, घसरायला नव्हे.

2022 च्या फेब्रुवारीत बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक झालं. भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. त्याची शर्यत सरांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिली. आरिफ जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला, याचं नातवाला कौतुक. सरांचं लक्ष भलतीकडेच होतं. कॅमेरा वर सुरुवातीच्या फाटकाशी गेला की तिथं रांगेत उभे असलेले खेळाडू दिसत. कुणी मांड्या थोपटतोय, कुणी पाय झुलवतोय, कुणी कंबर फिरवतोय, कुणी डोळे मिटून नुसत्या हातानं सगळी वळणं घेतोय. सर खुर्चीतून उठले.

“एका मिनिटाची घसरण!” ते दुसऱ्या दिवशी पार्कवर सांगत होते. “अन् त्याआधी किती वेळ अंग हलवायलेत ते बघा! याला म्हणतात खेळ. आपलं क्रिकेट काय, उठला की बॅट.”

ठरलं. सकाळच्या ग्रुपची पुढची सहल मनालीला, तीही फेब्रुवारीत. “मे महिन्यात सगळेच जातात, सर, उकाडा चुकवायला,” असं कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, “मे मध्ये गेलं तर तिथं वॉर्मअपला अर्थ काय?”

निघण्याआधीचे दोन महिने सोलापुरात जे चाललं ते मनालीपेक्षा बघण्यासारखं होतं. स्कीवर उभं राहायचं म्हणजे गुडघे वाकवून, मांड्यांवर भार ठेवून, पाठ सरळ. म्हणून हुतात्मा बागेजवळ भुईकोट किल्ल्याच्या भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसायचं. साठीतली दहा-बारा माणसं तटाला पाठ लावून हवेत बसलेली, आणि समोरून सर मनगटावरचं घड्याळ बघत येरझाऱ्या घालतायत. किल्ला बघायला आलेल्या एका कुटुंबानं आमचाही फोटो काढला.

मग घसरण्याचा सराव. सरांचा एक विद्यार्थी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो. त्यानं शिलाई चुकलेले टॉवेल गठ्ठाभर पाठवले. एकेका पायाखाली एकेक टॉवेल घ्यायचा आणि फरशीवर डावीकडून उजवीकडे सरकायचं. शहाबादीवर टॉवेल अडतो, मोझॅइकवर सुळकन जातो, असा शोध लागला. सोलापुरी टॉवेलचा सोलापूरकरांनी केलेला हा पहिला कोरडा उपयोग. काकूंनी दिवाणखान्यात हे फक्त एकदा होऊ दिलं. नंतर टॉवेल स्वयंपाकघरात गेले आणि परत आले नाहीत.

पण सरांची खरी कमाल लेझीम. एक दिवस ते पार्कवर मधेच थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, “अरे, हे तर आपण करतोच की.” स्कीवर वळायचं म्हणजे भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा, खाली बसत जायचं, वर येत वळायचं, खांदे समोर ठेवायचे. लेझमीच्या पावलीत दुसरं काय असतं? गणपतीच्या मिरवणुकीत चार-चार तास ज्यांनी लेझीम खेळली त्या सोलापूरला मांड्या कसल्या शिकवता? या मुद्द्यावर मी सरांच्या बाजूचा आहे. परदेशी पुस्तकांत आकृत्या काढून समजावलेली गोष्ट आमच्या पेठेतल्या पोरांच्या पायात असते, फक्त उतार आणि बर्फ यांची सोय नाही.

ग्रुपमध्ये हाडांचे एक डॉक्टर आहेत. ते सरांची टिंगल करतात, पण त्यांनीही या बाबतीत हात टेकले. “स्कीचा बूट घोट्याला जखडून टाकतो,” त्यांनी सांगितलं. “माणूस पडला की लांबलचक स्की एकीकडे वळते, माणूस दुसरीकडे. घोट्याला वळताच येत नाही. मग सगळा पीळ वर चढतो आणि गुडघ्यात बसतो. गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटला की पुढचं वर्ष माझ्यासारख्याच्या दवाखान्यात. शिवाय हातात काठी धरून पडलं तर अंगठा मागे मुरडतो; आमच्या पुस्तकात त्या दुखण्याला स्कीवाल्यांचंच नाव आहे. वॉर्मअपनं हे सगळं टळतं असं मी म्हणणार नाही. पण थंडीत आखडलेल्या अंगानं सकाळची पहिलीच घसरण घेणं म्हणजे माझी सोय करणं. आधी दहा-पंधरा मिनिटं अंग हलवा, पहिली फेरी अगदी सोप्या उतारावर घ्या.”

“दहा-पंधरा?” सर म्हणाले. त्यांना हा आकडा लागला.

कर्नाटक एक्स्प्रेसनं निघालो. ही गाडी बेंगळुरूहून येते आणि सोलापूरवरून थेट दिल्लीला नेते, त्यामुळे आमच्यासाठी हिमालय एका डब्यात येतो. डब्यात सरांनी वरच्या बर्थवाल्यांना खास सूचना दिल्या. भुसावळला गाडी थांबली की सगळ्यांनी फलाटावर. लोक केळी घेत होते, आम्ही टाचा उचलत होतो. एका हमालानं डोक्यावरचं ओझं उतरवलं, थोडा वेळ बघितलं, आणि जाताना मान दोनदा उजवीकडे-डावीकडे फिरवून घेतली. सरांना तो प्रवासातला पहिला विजय वाटला.

मनालीहून सोलंग तेरा-चौदा किलोमीटर. वाटेवर दोन्ही बाजूंना कपडे भाड्यानं देणारी दुकानं, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नंबर. गाडीवाला आपल्या ठरलेल्या नंबरापाशी थांबतो आणि तिथं माणसाचा रंग ठरतो. आम्ही सगळे लाल झालो. सूट इतका फुगीर की हात अंगाला लागत नव्हते, खाली गमबूट, आणि सरांच्या ‘पंच’वर आता कुण्या दुकानाचा आकडा. एवढा एकच अपमान सरांनी त्या सहलीत मुकाट गिळला.

सोलंग साधारण अडीच हजार मीटरवर आहे, सोलापूर साडेचारशेच्या आसपास. बसमधून उतरून दहा पावलं चाललं तरी छाती कळवते. सगळीकडे पांढरं. घोडे, याक, मॅगीचे गाडे, टायरच्या ट्यूबवर किंचाळत घसरणारे नवविवाहित, आणि स्की खांद्यावर घेऊन गिऱ्हाईक हेरणारी पोरं. याच बाजूची आंचल ठाकूर, हे सर गाडीतच सांगून चुकले होते. 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत तिनं भारताला स्कीइंगचं ब्राँझ मिळवून दिलं. “तिनं वॉर्मअप केल्याशिवाय का?” असा त्याचा शेवट.

पर्यटकांचं स्कीइंग आणि ऑलिंपिकचं स्कीइंग यांत फरक आहे. पर्यटकाला अर्धा तास मिळतो. पोरगा तुमच्या पायात ते जड बूट चढवतो, स्कीत अडकवतो, टोकं जवळ आणि टाचा लांब ठेवायला सांगतो, हात धरून थोडं वर नेतो आणि सोडून देतो. तुम्ही वीसेक फूट जाता, बसता, तो फोटो काढतो. दर काकूंनी ठरवला. चादर विकत घेणाऱ्याशी नव्हे, विकणाऱ्याशी वाद घालायची सवय आमच्या गावाला कमी आहे, पण काकू माहेरच्या पंढरपूरच्या.

बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं स्की घेऊन पुढं आलं. सरांनी हात वर केला.

“रुको बेटा. पहले वॉर्मअप होना.”

पोरगा हसला. “सर जी, सूट गरम है.”

“सूट गरम है. तू अंदरसे थंडा है. हम भी थंडा है.”

मग सोलंगच्या त्या उताराच्या पायथ्याशी दोन लाल रांगा उभ्या राहिल्या. जागच्या जागी चालणं, पण विरळ हवेमुळे सरांनी वेग निम्म्यावर आणला, तेवढं भान त्यांना होतं. मग गुडघे उचलणं. मग दोन स्कीच्या काठ्यांचा आधार घेऊन एक पाय पुढे-मागे, मग आडवा. अर्ध्या बैठका. एका बाजूला पाय लांब टाकून त्यावर भार देणं, मग दुसऱ्या बाजूला. कंबर, खांदे, मनगटं, आणि डॉक्टरांच्या आग्रहामुळे अंगठेसुद्धा. सोलापूरच्या पूर्व भागातले दोघं रांगेत होते. मराठीत मोजताना दम लागला की ते तेलुगूत शिरायचे. “ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.” अक्कलकोटच्या बाजूचे एक जण कन्नडमध्ये शिरले. तीन भाषांत आठ आकडे मोजता मोजता आकडा कितीवर आहे यावर एकमत होईना, म्हणून सर प्रत्येक प्रकार पुन्हा घ्यायचे.

गर्दी जमली. लुधियान्याचं एक नवं जोडपं रांगेत घुसलं. सुरतेच्या एका कुटुंबानं आजीलाही उभं केलं. कोलकात्याचे एक गृहस्थ माकडटोपी घालून आले आणि ‘हे फुकट आहे का’ असं खात्री करून घेऊन शेवटी उभे राहिले. ट्यूबवाल्याचं गिऱ्हाईक तुटलं. मग सरांनी शिट्टी तोंडात धरून पावली सुरू केली, लेझीम नसलेली लेझीम. एक पाय पुढे, खाली, वळण, वर. गमबुटांचा बर्फात कचकच ताल लागला. पन्नास-साठ फुगीर माणसं हिमालयाच्या पायाशी सोलापूरच्या गणपतीची मिरवणूक काढत होती, आणि स्की शिकवणारी पोरं मोबाइल वर धरून उभी. सर घामानं निथळत होते. इतके खूश मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

काकू या सगळ्यात नव्हत्या. त्या गाड्यावर चहा घेत बसल्या होत्या. चहा संपला, तशा उठल्या आणि त्या पोराला म्हणाल्या, “चलो, इनका चलने दो.” त्यानं बूट चढवले, स्की अडकवल्या, थोडं वर नेलं. काकूंनी पदर सुटत नाहीये ना हे सवयीनं चाचपलं, सूटवर पदर नसतो हे लक्षात आलं, गुडघे वाकवले आणि निघाल्या. वीस फुटांवर बसल्या नाहीत. पन्नास फुटांवरही नाही. लुधियान्याच्या जोडप्याला वळसा घालून, कोलकात्याच्या गृहस्थांना ‘ओ दादा, सरका’ म्हणत, थेट चहाच्या गाड्यापाशी थांबल्या. पोरगा मागून पळत आला. “माताजी, पहले किया है?”

टाळ्या पडल्या. सरांची पावली थांबली. त्यांनी काकूंकडे बघितलं, उताराकडे बघितलं, आणि डॉक्टरांना हळूच म्हणाले, “माझं बघूनच तिचे स्नायू गरम झाले.”

“चाळीस वर्षं झाली,” काकू चहावाल्याला कप परत देत म्हणाल्या, “तुमचं बघून गरमच आहेत.”

तेवढ्यात पोरानं घड्याळ दाखवलं. अर्धा तास केव्हाच उलटला होता आणि पुढची बॅच बूट मागत होती. पण काकूंच्या घसरणीमुळे त्याचं मन वितळलं असावं. “सर जी, आप आ जाओ. पाँच मिनट. पैसा नहीं लगेगा.”

आम्ही सगळे सरांकडे बघत राहिलो. कुणीतरी ‘सर, सर’ असा गजर सुरू केला. सरांनी उताराकडे पुन्हा एकदा पाहिलं, मग स्वतःच्या पोटरीला हात लावून बघितला, तापाच्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा.

“नाही जमायचं,” ते म्हणाले. “बोलण्यात वेळ गेला. अंग थंड पडलं. आता घसरायचं तर सगळा वॉर्मअप पहिल्यापासून घ्यावा लागेल.”

पोरगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. काकू गाडीकडे निघाल्या. आम्हीही गमबूट ओढत वळतोय तोच मागून शिट्टी.

“कुठं चाललात? लायनीत या. कूल डाउन राहिलाय.”

डॉक्टरांचा संयम संपला. “सर, स्की झालंच नाही! कूल डाउन कशाचा?”

“वॉर्मअपचा,” सर म्हणाले. “चला. खाली वाकायचं. एक...”

आम्ही वाकलो. ‘दोन’ बऱ्याच वेळानं आलं. सर मधेच सुरतेच्या आजींचा गुडघा तपासायला गेले होते.